तिसऱ्या गाडीचं चलान

१

लोखंडी कपाटाचा मधला कप्पा रिकामा होता. वरच्या कप्प्यात टेंडरची कागदपत्रं होती, खालच्यात चार हेल्मेटं आणि पाण्याच्या लेव्हलची नळी. मध्ये, जिथे धावड्याच्या शाळेच्या कामाची सिमेंटची चलानं असायला हवी होती, तिथे धुळीत एक चौकोन तेवढा उरला होता.

मच्छिंद्र पुंगळे त्या चौकोनाकडे बघत नव्हता. तो राजानंद हिवाळ्यांकडे बघत होता.

“निळी फाईल सोमवारी तुम्ही नेली. कुठं हाय ती?”

“काल दुपारी परत आणून दिली की. अर्पिताच्या हातात दिली.”

टेबलामागे बसलेली अर्पिता पुंगळ्यांच्या ऑफिसचं लिहिण्या-नोंदण्याचं सगळं काम करायची. तिने मान वर केली नाही. “काल अंगारकी होती,” ती म्हणाली. “खाली पाय ठेवायला जागा नव्हती. मी दिवसभर इथंच होते. काका आलेच न्हाईत. निळी फाईल बी आली न्हाई.”

राजूरच्या मंदिराजवळ, पेढ्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हे ऑफिस होतं. खाली रस्त्यावर कालच्या यात्रेचा कचरा, नारळाच्या शेंड्या आणि तुडवलेल्या दूर्वा, अजून लोटला जात होता. खराट्याचा आवाज वर येत होता.

राजानंद अडुसष्ट वर्षांचे होते. जालन्याला जुन्या मोंढ्यामागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती आणि बत्तीस वर्षं तिथे बसून ते लहान ठेकेदारांची, दुकानदारांची कराची कामं बघत आले होते. लोक मूळ कागद त्यांच्या टेबलावर ठेवून जात आणि पोच मागत नसत. त्यांच्या धंद्याचं भांडवल म्हणायचं तर तेवढंच होतं.

प्रकरण असं होतं. धावड्याला शाळेच्या तीन खोल्या बांधायचं सरकारी काम पुंगळ्यांना मिळालं होतं. त्यासाठी जालन्याच्या एका व्यापाऱ्याकडून तीन गाड्या सिमेंट घेतलं, गाडीला दोनशे गोण्या. पुढे त्या व्यापाऱ्याची जीएसटी नोंदणी रद्द झाली आणि राज्यकर कार्यालयाने पुंगळ्यांना नोटीस काढली. सिमेंट खरंच साईटवर आलं, की नुसती बिलं आली? बिलावरच्या कराची वजावट तुम्ही घेतली आहे, तर माल आल्याचा पुरावा दाखवा. पुरावा म्हणजे ती फाईल. गाडीबरोबर आलेलं चलान आणि त्याच्यावर माल उतरवून घेणाऱ्याची खूण. सुनावणी शुक्रवारी सकाळी अकराला होती. आज बुधवार.

“लिही,” मच्छिंद्र अर्पिताला म्हणाला. “चलानांची फाईल आमच्या कर सल्लागारानं नेली आन् गहाळ केली. आमचा त्यात काहीएक दोष न्हाई. खाली माझी सही. शुक्रवारी हे राज्यकरच्या मॅडमच्या टेबलावर जाईल. मंग तुमचं तुम्ही निस्तरा, हिवाळे.”

कालपर्यंत ते हिवाळे साहेब होते.

राजानंदांना कळत होतं की असा कागद एकदा सरकारी टेबलावर गेला की संध्याकाळपर्यंत सगळ्या मोंढ्याला माहीत होणार. त्यानंतर त्यांच्या हाती कोणी साधी पावतीही देणार नाही. त्यांना काहीतरी ठाम बोलायचं होतं, पण त्याआधी शंकाच आली. आपण काल खरंच इथे आलो होतो ना? पोरीने इतक्या शांतपणे नाही म्हटलं होतं, की त्यांना स्वतःची आठवण कुठेतरी वाचलेल्या गोष्टीसारखी वाटायला लागली.

अर्पिताचं पेन कागदावर चालू लागलं. ते एकदाही अडखळलं नाही.

२

तिथल्या तिथे दोन माणसांशी बोलायची परवानगी राजानंदांनी मागितली. मच्छिंद्र हसला. “विचारा. चोरानंच पंचनामा करायचा म्हणल्यावर काय राह्यलं.”

त्यांनी आधी मंगळवार मनात पुन्हा लावून पाहिला. सकाळी घरी बसून पानांना नंबर घातले. सूची केली. फाटकं कव्हर काढून नवं घातलं. दहाच्या बसने निघालो, गर्दीमुळे बस गावाबाहेरच थांबली, तिथून चालत आलो. अर्पिताला फाईल दिली आणि सांगितलं, एकतिसाव्या पानावर, म्हणजे तिसऱ्या गाडीच्या चलानावर, साईटवरच्या झुंबरबाईचा अंगठा नाही, नुसती एक गिचमिड सही आहे; तेवढं विचारून ठेव. फाईलची झेरॉक्स मात्र काढली नव्हती. ही चूक त्यांची होती आणि ती त्यांना सगळ्यात जास्त टोचत होती.

मच्छिंद्र फोनवर बोलत गॅलरीत गेला तेव्हा ते अर्पितासमोर बसले. ती स्टेपलरशी खेळत होती. तुला खरंच आठवत नाही का, असं त्यांनी विचारलं. कोणाच्या चुका ती आपल्या अंगावर घेणार नाही, असं तिने सांगितलं. घरात ती एकटीच कमावते, ही नोकरी गेली तर राजुरात दुसरी मिळणार नाही, हेही सांगितलं. हे त्यांनी विचारलेलं नव्हतं. मग ती एकदम म्हणाली, “काका, मला ह्यात ओढू नका,” आणि तिचे डोळे भरून आले. खोटं बोलणाऱ्याचे भरतात तसे, की छळलेल्या माणसाचे, हे राजानंदांना ठरवता येईना.

कल्याण पुंगळे खालून पेढा खात खात वर आला. मच्छिंद्राचा धाकटा भाऊ. पुण्याला दोन वर्षं इंजिनिअरिंगला होता, मग कॉलेज सोडून आला. माल मागवणं आणि टेम्पो ही कामं त्याच्याकडे होती. मच्छिंद्र स्वतः मिस्त्रीचा ठेकेदार झालेला माणूस, सिमेंटने बोटांना पडलेल्या भेगा अजून बुजलेल्या नव्हत्या. गॅलरीतून आत येताना भावाला बघून तो तशाही परिस्थितीत म्हणाला, “हे बघा आमचे इंजिनेर. साईटवरून आले तरी बूट पांढरेच.”

कल्याणने ते मनावर घेतलं नाही. तो राजानंदांच्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला समजवावं तसा बोलला. “काका, वय झालंय तुमचं, कुणी काय म्हणत न्हाई. घरी जा, गादीखाली बघा, पुस्तकाच्या ढिगात बघा. पिवळं कव्हर हाय, दिसंल जल्दी. आन् न्हाई सापडली, तर दादाच्या कागदावर तुम्ही बी सही करून टाका. कशाला म्हातारपणी कोर्टकचेरी.”

“मी सही करणार नाही,” राजानंद म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मच्छिंद्राने पुन्हा विचारलं, काय म्हणले.

ते उठून निघाले. मागून कल्याणचं हसणं ऐकू आलं.

३

घरी आल्यावर त्यांनी खरोखरच गादी उचलून बघितली. मग कपाट, मग पुस्तकं. त्यांची बायको सत्यशीला निवृत्त शिक्षिका होती. तिने थोडा वेळ हे बघितलं आणि मग पदर खोचून मदतीला आली.

“तुम्ही काल राजूरला जाऊन आलात,” ती म्हणाली. “हातात पिशवी होती, येताना रिकामी होती. आता गादीखाली काय बघता?”

“पिशवी रिकामी होती, हे तुला नक्की आठवतं?”

“मला आठवतं. पण तुम्हाला माझ्यापेक्षा त्या लोकांवर जास्त भरवसा. कोणी जोरात बोललं की तुम्हाला ते खरं वाटतं.” तिने पुस्तकांचा एक गठ्ठा खाली घेतला. “सांगा, कशी दिसते ती फाईल?”

“निळी,” ते सवयीने म्हणाले. मग थांबले. “नाही. निळं कव्हर पार फाटलं होतं. काल सकाळी मी नवं घातलं. पिवळं.”

ते हातातलं पुस्तक तसंच धरून गादीवर बसले.

नवं कव्हर त्यांनी मंगळवारी सकाळी याच खोलीत घातलं होतं. फाईल पिशवीत ठेवली ती थेट राजूरच्या ऑफिसातच बाहेर काढली. ती पिवळी झाली आहे हे तिथे फाईल बघितल्याशिवाय कोणालाही माहीत असायचं कारण नव्हतं. मच्छिंद्र निळी म्हणाला. अर्पिता निळी म्हणाली. पण त्या खोलीतल्या तिसऱ्या माणसाने फाईल पिवळी असल्याचं सांगितलं होतं, आणि तेही हसत.

“काय झालं?” सत्यशीलाने विचारलं.

“मी तिथे गेलो होतो,” राजानंद म्हणाले.

त्यांना आधी आनंद झाला तो एवढ्याचाच. चोर कोण हे नंतर सुचलं, आणि लगेच शंकाही आली. फाईल घेऊन कल्याणला करायचं काय होतं? सिमेंट आल्याचा पुरावा ज्या फाईलमध्ये आहे ती फाईल तर पुंगळ्यांना वाचवणारी. ती स्वतःच कोण नाहीशी करील? पुरावा असता तर कोणी केली नसती. त्यांनी आपली सूची काढली आणि एकतिसाव्या पानापुढे स्वतःच लिहिलेले तीन शब्द वाचले. अंगठा नाही. सही.

सकाळची पहिली बस पकडायचं त्यांनी ठरवलं.

४

धावड्याची साईट गावाच्या कडेला, तुरीच्या शेताला लागून होती. तीन खोल्यांचा सांगाडा उभा होता, स्लॅब पडलेला, विटांच्या भिंती खिडक्यांपर्यंत आलेल्या. सुनावणी होईपर्यंत मच्छिंद्राने काम थांबवलं होतं. झुंबरबाई तेवढी तिथे होती. पाणी मारणं, मालाची राखण, गाडी आली की माल मोजून घेणं हे तिचं काम. मधल्या खोलीत, स्लॅबखाली, तिचं अंथरूण आणि तीन दगडांची चूल होती.

तिने राजानंदांना बसायला उलटं घमेलं दिलं, पण बोलायला ती काही राजी नव्हती. “मालकानं सांगितलंय, कुणाला काय सांगू नको. कागदवाला माणूस आला की गरिबाचंच नुकसान व्हतं.”

राजानंदांनी तिला काही विचारलं नाही. भिंतीशी रिकाम्या गोण्यांची बंडलं रचलेली होती. सरकारी कामात रिकाम्या गोण्या फेकायच्या नसतात. पन्नास-पन्नासची बंडलं बांधून ठेवायची, इंजिनिअर येऊन मोजतो आणि त्यावरून किती सिमेंट वापरलं ते धरतो. त्यांनी मोजली. बारा बंडलं. सहाशे गोण्या. बिलाबरहुकूम.

म्हणजे आपलंच चुकलं, असं त्यांच्या मनात आलं. सिमेंट आलं होतं. इतक्या लांब येऊन त्यांनी काय मिळवलं? ते उठले आणि जाता जाता, उगीच, शेवटच्या बंडलावरची गोणी चाचपली. हाताला भोक लागलं. गोणी पोटात आडवी फाटलेली होती. तिच्याखालचीही तशीच. त्यांनी पहिल्या बंडलाकडे जाऊन पाहिलं. तिथली प्रत्येक गोणी अखंड होती, फक्त तोंडाची शिलाई उसवलेली.

“झुंबरबाई,” ते म्हणाले, “ह्या शेवटच्या गोण्या तुम्ही फोडल्या?”

म्हातारीला जणू शिवी दिल्यासारखं झालं. “मी? फावड्यानं गोणी फोडायला मला काय येड लागलंय? दोरा वढला की सरसर उसवती. इंजिनेर मोजून गेला की मालक ह्या गोण्या मला देतात. खत भराया लोक साबूत गोणी मागून नेतात. फाटकी कोण घेतं? माझ्या हाताखालच्या बायांनी फावडं उगारलं तर मी हात धरती त्यांचा.”

“मग ही चार बंडलं?”

“ती माझी न्हाईत. नाताळाच्या टायमाला तीन दिवस लेकीकडं कुंभार पिंपळगावला गेल्ते. परत आले तं आठाची बारा झाल्ती. मला कोण इचारतं?”

राजानंद पुन्हा घमेल्यावर बसले. हातातली फाटकी गोणी त्यांनी गुडघ्यावर पसरली आणि चष्मा पुसला. कारखान्यात गोणी भरल्याचा आठवडा आणि महिना गोणीवर छापलेला असतो. तिसऱ्या गाडीचं बिल दिवाळीच्या आधीचं होतं आणि स्लॅबही दिवाळीच्या आधीच पडला होता. या गोणीत सिमेंट भरलं गेलं होतं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात.

किती गाड्या आल्या होत्या, हे त्यांनी शेवटी विचारलं.

“दोन. दोन डाव अंगठा लावला.”

त्यांनी मच्छिंद्राला फोन लावला. कल्याणला आणि अर्पिताला घेऊन धावड्याला या, असं सांगितलं. गाडीचं डिझेल तुमच्या फीमधून कापीन, असं मच्छिंद्र म्हणाला आणि फोन ठेवणार होता.

“फाईलचं नाही,” राजानंद म्हणाले. “तुमच्या स्लॅबचं आहे.”

“येतो,” मच्छिंद्र म्हणाला.

५

दुपारी दोनला तिघे आले. मच्छिंद्र गाडीतून उतरला तो सरळ स्लॅबखाली जाऊन वर बघत उभा राहिला. कल्याण दारातच थांबला. अर्पिता गाडीतून उतरायलाच तयार नव्हती.

“माझं चुकत असेल तर सांगा,” राजानंदांनी सुरुवात केली. बोलताना त्यांना कोणाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून ते जमिनीकडे बघत बोलले. “फाईलचं जुनं कव्हर निळं होतं. मंगळवारी सकाळी मी घरी पिवळं घातलं. काल कल्याणने मला पिवळं कव्हर शोधायला सांगितलं.”

कल्याणने लगेच खांदे उडवले. “अर्पितानं सांगितलं आसंल.”

“तसं असेल तर अर्पिताने ती पाहिली, म्हणजे मी आणून दिली होती. आणि तिने सांगितलं नसेल, तर तुम्ही पाहिली. कसंही धरलं तरी फाईल ऑफिसात पोचली होती. माझ्याकडून हरवली नाही.”

गाडीचं दार उघडं होतं. अर्पिताला सगळं ऐकू गेलं होतं. ती उतरून आली आणि कल्याणकडे न बघता बोलू लागली. काकांनी मंगळवारी फाईल दिली. एकतिसाव्या पानाचं विचारून ठेवायला सांगितलं, म्हणून तिने कल्याणला विचारलं. त्याने तिथल्या तिथे फाईल उचलली आणि सांगितलं, काका आलेच नाहीत म्हण. तिसऱ्या गाडीचं बिल तुझ्या हाताने चढलंय, प्रकरण उलटलं तर आधी तू अडकशील. पुढे तिला रडू आलं आणि ती थांबली.

मच्छिंद्राने ऐकून घेतलं. मग राजानंदांवरच उलटला. “घाबरून लपवली आसंल पोरानं. त्याचं मी बघतो. पण सिमेंट तं आलंय ना. बाराच्या बारा बंडलं हायेत, डोळे फुटले का?”

“मला त्यातलं कळत नाही,” राजानंद म्हणाले. “तुम्ही मिस्त्री होतात. तुम्हीच एक गोणी उचलून बघा. पहिल्या बंडलातली एक आणि शेवटच्यातली एक.”

मच्छिंद्राने दोन्ही उचलल्या. फाटक्या गोणीतून त्याने बोटं बाहेर काढली, मग ती उलटी करून छापलेला आठवडा वाचला. आणखी एक उचलली. आणखी एक. राजानंदांना वाटलं होतं की हे सगळं समजावून सांगावं लागेल. ज्याने साईटवर कधी स्वतःच्या हाताने गोणी उसवली आहे असा माणूस ही चार बंडलं इथे आणून ठेवूच शकत नाही; ते काम गोणी म्हणजे नुसता आकडा, असं समजणाऱ्याचंच. अर्पिता साईटवर कधी आली नव्हती आणि दोनशे गोण्या आणायला टेम्पो लागतो. पण यातलं काहीच बोलावं लागलं नाही.

“कुठल्या गोण्या हायेत ह्या?” मच्छिंद्राने भावाला विचारलं. आवाज अगदी साधा होता.

भोकरदनला एका गाळ्याचं प्लास्टर चालू होतं, तिथल्या, असं कल्याण म्हणाला. नोटीस आल्यावर आणून टाकल्या. तिसऱ्या गाडीचं व्यापाऱ्याने नुसतं बिल दिलं होतं, आपला वाटा कापून बाकीचे पैसे रोख परत केले होते. टेम्पोचे हप्ते थकले होते. दादा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला संभाजीनगरला होता. स्लॅब तर पडला ना, असं तो शेवटी म्हणाला.

मच्छिंद्र झुंबरबाईकडे वळला. “स्लॅबच्या दिशी किती गोण्या उसवल्या?”

“सहा इसा,” झुंबरबाई म्हणाली. “मी येक येक येगळी ठुली व्हती.”

एकशेवीस. या स्लॅबला दोनशेच्या खाली भागत नाही, हे तिथे फक्त मच्छिंद्राला ठाऊक होतं. तो भिंतीला टेकला.

मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, बघितला आणि परत ठेवला. “हे उद्या जाणार,” तो राजानंदांना म्हणाला. “जसंच्या तसं. फाईल तुम्ही हरवली. फाईल न्हाई तं तिसरी गाडी बी कुणी इचारत न्हाई. बाहेरच्या माणसापायी मी घर फोडत नसतो.”

राजानंदांनी जमिनीवरून नजर उचलली. “मग तुमच्या वतीने हजर राहायचं अधिकारपत्र मी सकाळी परत करतो,” ते म्हणाले. “त्यानंतर मी तुमचा सल्लागार नाही. मॅडमनी मला विचारलं तर मला उत्तर द्यावं लागेल.”

“धमकी देता?”

“मला धमकी देता येत नाही. सांगून ठेवतो.”

तेवढ्यात झुंबरबाई उठली. तिने अंथरूण गुंडाळलं, काखेत मारलं, दुसऱ्या हाताने पाण्याचा हंडा उचलला आणि स्लॅबखालून बाहेर जाऊन तुरीच्या बांधावर लिंबाच्या सावलीत ठेवला. मग चुलीचे दगड न्यायला परत आली.

“काहून ग?” मच्छिंद्राने विचारलं. “कुठं निघाली?”

“कुठं न्हाई मालक. हितंच हाय.” तिने एक दगड उचलला. “पर ह्याच्याखाली निजायची न्हाई मी आता.”

६

शुक्रवारी पावणेअकरालाच राजानंद राज्यकर कार्यालयाच्या बाकावर येऊन बसले होते. अधिकारपत्र परत करण्याचा अर्ज पिशवीत होता. रात्रभर त्यांनी तो चार वेळा लिहिला होता आणि चारही वेळा तो त्यांना उद्धट वाटला होता.

मच्छिंद्र एकटाच आला. भाऊ बरोबर नव्हता. त्याने राजानंदांना नमस्कार केला नाही, शेजारी बसलाही नाही. शर्टाच्या खिशातून तो घडीचा कागद वर दिसत होता.

राज्यकर अधिकारी सुमेधा मॅडम तिशीतल्या होत्या. ठेकेदारांच्या कहाण्या ऐकून त्या कंटाळल्या असाव्यात. पुंगळे, फाईल आणली का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि आधीच असं सांगितलं की आजारपण, पूर, उंदीर यातलं काही ऐकायला त्यांना वेळ नाही.

राजानंदांनी पिशवीत हात घातला. अर्ज बोटांना लागला.

मच्छिंद्राने खिशातला कागद बाहेर काढला. टेबलावर ठेवला. त्याच्यावर हात ठेवून तो काही क्षण बसला, मग त्याने तो पुन्हा उचलला, चार तुकडे केले आणि ते मुठीत धरून ठेवले. खाली वाकून पायाशी ठेवलेल्या थैलीतून त्याने पिवळी फाईल काढली.

“एकतिसावं पान बघा,” तो म्हणाला. “ती गाडी आलीच न्हाई. नुसतं बिल आलं. माझ्या घरच्याच माणसानं आणलं.”

मॅडमनी फाईल उघडली, पान बघितलं, मग पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. घेतलेली वजावट परत करावी लागेल, व्याज लागेल, दंडही लागेल, आणि बिल कोणी आणलं त्याला बोलावलं जाईल, असं त्यांनी सांगितलं. बोलवा, असं मच्छिंद्र म्हणाला. स्लॅब तपासायला इंजिनिअरला सकाळीच लिहून दिलंय, नापास झाला तर स्वतःच्या खर्चाने फोडून पुन्हा टाकणार आहे, हेही त्याने सांगितलं. हे कराच्या कामात येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. माहीत आहे, असं तो म्हणाला.

जबाब टाइप झाला. प्रिंट निघाली. मॅडमनी सहीची जागा बोटाने दाखवली.

“त्यात एक वाक्य घालायचं राहिलं,” राजानंद म्हणाले.

दोघांनीही वळून बघितलं. आपण बोललो यावर त्यांचाच विश्वास बसत नव्हता.

“फाईल मी मंगळवारी त्यांच्या ऑफिसात परत दिली होती. ते आलं पाहिजे.”

“त्याची इथे गरज नाही,” सुमेधा मॅडम म्हणाल्या. “तुमच्यावर कोणी काही म्हटलेलं नाही.”

“इथे नाही. पण परवा दोन माणसांसमोर म्हटलं गेलं आणि लिहिलंही गेलं.” त्यांनी मच्छिंद्राच्या मुठीकडे बघितलं. “तुम्हाला गरज नसेल. मला आहे.”

मॅडमनी मच्छिंद्राकडे बघितलं. त्याने जबडा आवळला आणि मान हलवली. वाक्य टाइप झालं, पान पुन्हा निघालं. त्याने इतक्या जोरात सही केली की पेनाचं टोक कागदात रुतलं. मग कागद राजानंदांच्या पुढे ढकलला.

“घ्या. भाऊ गेला, स्लॅब गेला, तुमचं नाव तेवढं राह्यलं. पुढच्या सालापासून आमच्याकडं यायचं न्हाई. झालं समाधान?”

राजानंदांनी चष्मा लावला. ते एक वाक्य त्यांनी सावकाश वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

“हो,” ते म्हणाले आणि कागद त्याच्याकडे परत सरकवला. “सहीखाली तारीख घाला.”